क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं: कापूस महाग होता, की सोनं बांधून ठेवलं होतं?

वावरवाला

दारव्हा-दिग्रसकडे कापसाच्या भावाचा विषय निघाला, की साठी उलटलेलं कोणीतरी म्हणतंच, "आमच्या काळी क्विंटलभर कापूस विकला का तोळाभर सोनं येत होतं." मग सरकारच्या नावानं दोन शब्द, एक चहा, आणि मंडळी उठतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. त्या ऑक्टोबरात सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या घरात गेलं. म्हणजे तोळ्यामागे पंधरा क्विंटल. कोरडवाहू वावरात तीन एकरांचा अख्खा कापूस झाला हा, आणि त्यात अजून वेचणीची मजुरी धरलेली नाही.

या हिशेबात सगळे कापसाचं काय झालं ते विचारतात. सोन्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

जुलै १९४४. महायुद्ध चालूच होतं. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वूड्स नावाच्या ठिकाणी ४४ देशांचे प्रतिनिधी एका हॉटेलात तीन आठवडे बसले. ब्रिटनतर्फे अर्थतज्ज्ञ केन्स, अमेरिकेतर्फे हॅरी डेक्स्टर व्हाइट. केन्सला 'बँकॉर' नावाचं नवंच आंतरराष्ट्रीय चलन हवं होतं. पण जगातल्या सरकारांच्या सोन्याचा मोठा वाटा अमेरिकेच्या तिजोरीत होता, आणि ज्याच्या खळ्यात माल त्याचाच काटा. ठरलं असं: अमेरिका औंसाला (म्हणजे ३१.१ ग्रॅमला) ३५ डॉलर हा भाव कायम ठेवेल, परदेशी सरकारानं डॉलर आणून दिले तर त्या भावानं सोनं मोजून देईल, आणि बाकीचे देश आपापलं चलन डॉलरशी बांधतील. हा ३५ चा आकडा अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टनं १९३४ मध्येच ठरवून ठेवला होता. त्याआधी तो २०.६७ होता.

म्हणजे १९३४ ते १९७१ सोन्याचा सरकारी भाव जागचा हलला नाही. गहू वाढला, मजुरी वाढली, लोखंड वाढलं. सोनं तिथंच.

मग अमेरिकेचा अध्यक्ष निक्सननं टीव्हीवर येऊन सांगितलं की डॉलरच्या बदल्यात सोनं देणं आता बंद. अमेरिकेत १५ ऑगस्ट १९७१ ची रात्र होती, आपल्याकडे १६ ची सकाळ. डिसेंबरात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दहा श्रीमंत देश बसले, भाव ३८ केला. फेब्रुवारी १९७३ मध्ये ४२.२२. त्यानंतर महिनाभरात मोठी चलनं एकमेकांपासून मोकळी सुटली, आणि जानेवारी १९७६ मध्ये जमैकात किंग्स्टनला सगळ्यांनी मिळून सोन्याचा सरकारी भाव हा प्रकारच रद्द करायचं ठरवलं. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरला भिडलं होतं.

आपल्या म्हाताऱ्यांचा 'क्विंटलला तोळा' बरोबर या सांध्यावरचा आहे. सोन्याचं दावं नुकतंच सुटत होतं. आणि गंमत बघा, त्याच सुमारास, १९७२ पासून, आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा) सुरू झाली. एकाला मोकळं सोडलं, दुसऱ्याला बांधलं. मग दोघांतलं अंतर वाढणार नाही तर काय होईल?

पऱ्हाटी

भाऊ, लिवलं झकास. पन त्या निक्सनचा अन् आमच्या तालुक्यातल्या सोनाराचा काय संबंध, थे नाही समजलं. आमच्या बुढ्यानं लग्नात एकदाणी केली, थे काय अमेरिकेतून पस्तीस डॉलरनं आणली होती काय? तवा तं बाहेरून सोनं आणाले बंदीच होती नं.

खामगावकर

पऱ्हाटी यांनी नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं. आमच्या घरात चांदी-सोन्याचा धंदा तीन पिढ्यांचा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

स्वातंत्र्यानंतर खासगी सोन्याच्या आयातीला कुलूप लागलं. त्यामुळे जगातला भाव आणि सराफ्यातला भाव यांचा रस्ता वेगळा झाला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना होता. त्या हिशेबानं ३५ डॉलरचं औंस म्हणजे दहा ग्रॅमला ८४ रुपये आणि वर काही पैसे. पण १९७०-७२ ला बाजारात दहा ग्रॅम दोनशेच्या आसपास जात होतं. दुपटीपेक्षा जास्त! मधला फरक कुठं गेला? दुबईहून येणाऱ्या दहा-दहा तोळ्यांच्या बिस्किटांत. ज्या माणसांवर नंतर हिंदी सिनेमे निघाले, त्यांची कमाई हीच होती.

अजून एक मजा. हा ८४ रुपयांचा भाव रिझर्व्ह बँकेच्या खतावणीत मात्र जिवंत राहिला. दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे या दरानं आपलं सरकारी सोनं १९९० च्या ऑक्टोबरपर्यंत वहीत लिहिलेलं होतं. तेव्हा दुकानात भाव तीन हजारांच्या वर होता. अमेरिका तर आजही आपलं आठ हजार टनांहून जास्त सोनं ४२.२२ डॉलरनंच मांडते.

आणि १९६३ विसरू नका. चीन युद्धानंतर मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायचे नाहीत. गावोगावचे सोनार बसले. १४ कॅरेटची पोत कोण लेकीला घालणार? लोक जुनं सोनं घेऊन मागच्या दारानं यायचे आणि कारागीर रात्री काम करायचे. १९६८ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला, तो १९९० मध्ये गेला.

तेव्हा वावरवाला, तुमचा 'बांधलेलं सोनं' हा मुद्दा अमेरिकेला लागू, आपल्याला नाही. आपल्याकडे ते उलट महाग होतं.

वावरवाला

खामगावकर साहेब, आकडे तुमचे मान्यच. पण दुबईचा माणूस खरेदी कुठून करत होता? लंडन-झुरिकहून. त्याचा मूळ भाव बांधलेलाच, त्यावर बोटीचं भाडं, जोखीम आणि हप्ते. म्हणून आपला भाव दुप्पट होता, पण त्या दुपटीचा पाया ३५ डॉलरच होता. पाया सुटला तेव्हा काय झालं तेही तुमच्याच वहीत असेल: १९७२ ला दोनशेच्या घरात असलेलं सोनं १९७४ ला पाचशेवर. आयातबंदी तीच, कायदा तोच, बंदराचे पहारेकरी तेच. मग दोन वर्षांत अडीचपट कशानं?

खामगावकर

१९७३ ला तेलाचा भडका उडाला, आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ होता, महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली होती. सगळं निक्सनच्या माथी मारू नका. पण जगातला भाव चढला नसता तर इथला एवढा चढला नसता, हे खरं.

निवृत्त गुर्जी

चर्चा वाचून राहवलं नाही. अमरावती जिल्ह्यात बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे १९४४ पासून सुरू करता. कापूसवाल्यांनी १९२६ पासून सुरू करायला हवं. पहिल्या महायुद्धात सोन्याचं चलन मोडलं. १९२२ मध्ये जिनोआ परिषदेत युरोपनं ठरवलं की सोनं कमी आहे, तेव्हा लहान देशांनी सोन्याऐवजी पौंड-डॉलर साठवावेत. आपण तर १९०० पासूनच या 'सुवर्ण विनिमय' पद्धतीवर होतो: रुपया चांदीचा, किंमत पौंडाशी बांधलेली, गंगाजळी लंडनमध्ये. केन्स तरुणपणी इंडिया ऑफिसात होता. १९१३ मध्ये त्यानं या पद्धतीची वाखाणणी केली.

त्याला खणखणीत विरोध केला बाबासाहेब आंबेडकरांनी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला छापून आला. युक्तिवाद असा: या पद्धतीत रुपये किती पाडायचे ते सरकारच्या मर्जीवर राहतं, रुपये वाढले की वस्तू महागतात, आणि चटका रोजंदारीवाल्याला बसतो. पुढे रुपयाच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडलं की रुपयाची टांकसाळ सरकारलाही बंद करा, सोन्याचं नाणं पाडा, दोघांचं प्रमाण ठरवून द्या. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसं जमतात. त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की बाबासाहेबांचा पहिला मोठा अभ्यास पैशाचा होता?

आयोगानं १९२६ मध्ये वेगळाच निवाडा दिला आणि १९२७ च्या कायद्यानं रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरला. मुंबईचे गिरणीवाले आणि काँग्रेसवाले एक शिलिंग चार पेन्स मागत होते. दोन पेन्सांत काय बिघडतं? कापसाला लावून बघा. चार पेन्सांच्या दरानं लिव्हरपूलच्या कापूस बाजारातल्या एका पौंडाचे पंधरा रुपये झाले असते. सहा पेन्सांच्या दरानं तेरा रुपये पाच आणे चार पै. वऱ्हाडातल्या कास्तकाराचे पौंडामागे दीड रुपयाहून जास्त लंडनमध्येच कापले गेले आणि त्याला पत्ताही नाही. उलट बाजूही सांगतो: रुपया स्वस्त झाला असता तर कापड, रॉकेल महाग होऊन मजूर भरडला असता. आयोगापुढच्या साक्षीत बाबासाहेबांनी हे रोकडं सांगितलं आहे. शेतमालाचा विक्रेता आणि मजूर यांचं हित एकच असतं असं धरून चालू नये.

मग मंदी आली. १९२९ नंतर कापूस कोसळला. सारा आणि सावकाराचं देणं मात्र रुपयांत ठरलेलं. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटननं सोनं सोडलं, रुपया पौंडाच्या शेपटीला बांधलेलाच, त्यामुळे रुपयांत सोनं महाग झालं. जे तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास होतं ते काही वर्षांत तिशीपार. घराघरांतलं सोनं बाहेर पडलं आणि बोटी भरभरून इंग्लंडला गेलं. कागदोपत्री त्याला 'विपत्तीचं सोनं' म्हणत. निर्यात थांबवा अशी मागणी झाली, सरकारनं ऐकली नाही, कारण त्याच सोन्यानं पौंड सावरत होता.

१९३३ च्या उन्हाळ्यात लंडनला ६६ देशांची परिषद भरली, चलनं स्थिर करायला. ३ जुलैला रूझवेल्टचा संदेश आला की आम्ही आमच्या घरच्या किमती आधी बघू, आणि परिषद तिथंच बारगळली. अकरा वर्षांनी ब्रेटन वूड्सला जमलेल्यांच्या डोक्यात हे सगळं ताजं होतं.

आर्वीची मीना

गुर्जी, नमस्कार. तुमचं 'विपत्तीचं सोनं' वाचून एक विचारावंसं वाटलं. घराघरांतलं म्हणजे कोणाचं? कास्तकाराच्या अंगावर तर सोनं नसतं. मोडली ती बाईची गरसोळी, बाईच्या पाटल्या. तेव्हाही आणि आत्ताही. आमच्या गटात जून महिना आला की निम्म्या जणींचा गळा रिकामा दिसतो. बियाणं-खतासाठी गेलेलं असतं. मृगात गहाण, संक्रांतीपर्यंत सुटलं तर सुटलं. इथं सगळे भाऊ निक्सन-केन्सवर भांडून राहिले, चालू द्या, पण दागिना कोणाच्या नावावर गहाण पडतो आणि पावतीवर सही कोणाची असते ते एकदा घरी विचारून बघा.

बँकेतला माणूस

मीनाताई, सहीचं तुमचं म्हणणं सोळा आणे. कामाची माहिती देतो. सोनेतारणावर रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये नवे नियम काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू. घरखर्चाच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांना ८० टक्के, त्यावर ७५. कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी किंवा फार तर सात कामाच्या दिवसांत परत द्यायचा. कर्ज देणाऱ्याच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. गटातल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.

आणि गहाणाचंच म्हणाल तर देशानंही तेच केलं आहे. १९९१ मध्ये परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. आधी स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परत घेण्याच्या बोलीवर विकलं, मग जुलैत रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून ४० कोटी डॉलरच्या आसपास उचलले. मृगातलं गहाणच ते, विमानानं गेलं एवढाच फरक. सोडवलं त्याच वर्षी. आणि २००९ मध्ये नाणेनिधीनं सोनं विकायला काढलं तेव्हा भारतानं एका झटक्यात २०० टन उचललं, ६७० कोटी डॉलरला.

मार्च २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेकडे जवळपास ८८० टन होतं, त्यातलं ५१२ टन देशात. बरंचसं त्याआधीच्या दोन वर्षांत लंडनहून परत आणलेलं. देशातल्या साठ्याची जागा म्हणून वर्तमानपत्रांत दोनच शहरांची नावं येतात: मुंबई आणि आपलं नागपूर.

पऱ्हाटी

बाप्पा! म्हंजे विदर्भात साऱ्याचाच अनुशेष हाय, फक्त सोन्याचा नाही!!

डॉलर कट्टा

मूळचा हिंगणघाटचा, सध्या पुण्यात. मुद्दा सरळ आहे. कागदी चलन ही फसवणूक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पश्चिमी देशांनी गोठवले. त्यानंतर २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. हे काय सांगतं? स्वतःच्या तिजोरीतलं सोनं कोणी गोठवू शकत नाही. सोन्यावर आधारलेलं चलन परत यायलाच हवं. तेव्हाच कास्तकाराच्या घामाला स्थिर किंमत मिळेल.

निवृत्त गुर्जी

तुमचं पहिलं अर्धं मान्य, दुसरं साफ नामंजूर. बँका सोनं घेतात ती राखीव म्हणून. आपलं चलन सोन्याला बांधून घ्यायला एकही मोठा देश तयार नाही. नाणेनिधीच्या १९७८ च्या दुरुस्तीनंतर सभासदाला तसं करायची मुभाही नाही.

आणि सोन्याच्या चलनात कास्तकाराचं भलं होतं हे कुठल्या इतिहासात वाचलंत? सोनं मंद गतीनं निघतं, माल झपाट्यानं वाढतो, म्हणून अशा चलनात भाव उतरत जातात. भाव उतरतात, कर्जाचा आकडा तोच राहतो. अमेरिकेत १८९६ च्या निवडणुकीत ब्रायन नावाचा उमेदवार सोन्याच्या विरोधात उभा राहिला तो कापूस-गहूवाल्यांच्या पाठिंब्यावरच. मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, असं त्याचं गाजलेलं भाषण आहे. ज्याच्या सात-बाऱ्यावर बोजा आहे त्यानं सुवर्णचलन मागणं म्हणजे स्वतःच्या सावकाराचा प्रचार करणं.

डॉलर कट्टा

पण छापखाना चालू ठेवून झालेली महागाई पण कास्तकारच भोगतो ना गुर्जी? डिझेल, खत, औषध कशाचे भाव थांबलेत?

निवृत्त गुर्जी

भोगतो. त्याला औषध म्हणून विष सुचवू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि तुमच्या मुद्द्यातला अर्धा भाग बाबासाहेबांचाच आहे, म्हणून तुमच्यावर फार रागवत नाही.

वावरवाला

गुर्जी, ब्रेटन वूड्सला आपली माणसं कोण होती तेही सांगा ना. सी. डी. देशमुख होते असं वाचलंय.

निवृत्त गुर्जी

होते. शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या मंडळातले जेरेमी रेझमन, पण बाकी बाजू लढवली देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी. देशमुख जन्मानं महाडकडचे, पण आयसीएसची त्यांची उमेदवारी आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात झाली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

भांडण सोन्याचं कमी, उधारीचं जास्त होतं. युद्धात भारतानं ब्रिटनला धान्य, कापड, माणसं पुरवली आणि बदल्यात लंडनच्या वहीत पौंड जमा झाले, युद्ध संपेस्तोवर सव्वाशे कोटींच्या वर. इकडे त्या खरेदीसाठी नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली, १९४३ ला बंगालात माणसं उपाशी मेली. आपलं म्हणणं होतं की या पौंडांचा काही भाग तरी नव्या निधीमार्फत (म्हणजे तिथंच ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत) डॉलरमध्ये मोकळा करा. ब्रिटन ऐकेना, अमेरिका आणि फ्रान्सही आपल्या बाजूनं उभे राहिले नाहीत. श्रॉफ तिथं म्हणाले की आमची अवस्था बँकेत दहा लाख डॉलर असूनही टॅक्सीचं भाडं द्यायला सुटे नसलेल्या माणसासारखी झाली आहे. मागणी फेटाळली गेली. निधीतला वाटा मात्र भांडून ४० कोटी डॉलरपर्यंत नेला. चीनला ५५ होता, त्यावरून बरीच कुरबूर झाली. पुढे रशिया निधीत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत बसला.

खामगावकर

आता जमैकाचंही येऊ द्या. वावरवाल्यांनी ते एका ओळीत उरकलं, खरा बाजार तिथंच झाला.

वावरवाला

मला जेवढं कळलंय तेवढं लिहितो. १९७१ नंतर दोन पक्ष पडले. अमेरिका म्हणे सोनं चलनातून काढून टाका, कागदी 'विशेष उचल हक्क' (नाणेनिधीचं हिशेबापुरतं चलन, ते १९६९ मध्ये ठरले होते) मधोमध आणा. फ्रान्स म्हणे सोन्याला बाजारभाव द्या. फ्रान्सचा हट्ट जुना. तिथला अध्यक्ष द गॉलनं फेब्रुवारी १९६५ मध्ये पत्रकारांपुढे उघड सांगितलं होतं की डॉलरची मिरासदारी बस झाली, सोन्याकडे चला. आठ देशांनी लंडनच्या बाजारात सोनं ओतून भाव ३५ वर धरायचा खटाटोप १९६१ पासून चालवला होता. फ्रान्स त्यातून १९६७ मध्ये अंग काढून मोकळा झाला आणि मार्च १९६८ मध्ये तो प्रकार मोडला.

गरीब देशांचं म्हणणं तिसरंच. सोन्याचा भाव वाढवला तर फायदा सोनं असलेल्यांचा आणि दक्षिण आफ्रिकेचा. आमच्याकडे काय आहे? त्यापेक्षा नवे हक्क काढाल ते विकासाच्या मदतीशी जोडा. ते श्रीमंतांनी मानलं नाही.

शेवटी सौदा असा झाला: नाणेनिधीच्या सोन्यातला एक तृतीयांश, म्हणजे ५ कोटी औंस बाहेर काढायचा. अर्धा, अडीच कोटी औंस, सभासदांना त्यांच्या वाट्याप्रमाणे जुन्या भावानं परत, म्हणजे अमेरिका-युरोपला सिंहाचा वाटा. भारतालाही त्याच्या हिश्शाचं मिळालं. उरलेलं अर्धं चार वर्षं लिलावात विकून त्याच्या नफ्यातून गरीब देशांना स्वस्त कर्ज. सोनं चलनातून 'हद्दपार' झालं, पण हद्दपार करणाऱ्यांनी आपापलं सोनं घरी नेऊन ठेवलं. हे मला फार बोलकं वाटतं.

बँकेतला माणूस

त्याहून बोलकं १९९९ आहे. मे महिन्यात ब्रिटननं निम्म्याहून जास्त सोनं विकणार असं जाहीर केलं आणि भाव औंसाला २५० डॉलरच्या जवळ आला. सगळ्यांना धास्ती की आता प्रत्येक बँक विकायला धावणार. २६ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये युरोपच्या १५ मध्यवर्ती बँकांनी एक पानी जाहीरनामा काढला: पाच वर्षं आम्ही सगळे मिळून वर्षाला ४०० टनांपेक्षा जास्त विकणार नाही. बस. दोन आठवड्यांच्या आत भाव ३२० च्या वर. तो करार पुढे तीनदा वाढवला, २०१९ मध्ये गरज नाही म्हणून सोडून दिला.

वावरवाला

आणि कापसाचं? २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, कापूसवाल्यांना जी अनुदानं देतात ती बंद करा, आमचा भाव मरतो. कॅनकूनची बैठक मोडली. हाँगकाँगला निर्यात अनुदान काढायचं ठरलं, घरगुती मदतीचा मुद्दा आजही लटकलेला. इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ऐन वेचणीच्या हंगामात, डिसेंबरअखेरपर्यंत.

सोनं धरून बसलेल्या पंधरा जणांना एक पान पुरलं. कापूसवाल्यांना वीस वर्षं पुरली नाहीत.

बँकेतला माणूस

तुलना जरा ओढून ताणून आहे. सोनं सडत नाही, पंधरा सह्यांत काम भागतं. कापूस लाखो लोक पिकवतात आणि प्रत्येकाला दिवाळीआधी पैसा लागतो. ज्याला थांबता येतं त्याच्याच हातात भाव असतो. त्यात कोणाचा डाव शोधायची गरज नाही.

आर्वीची मीना

थांबता येत नाही म्हणून तर खेडा खरेदीवाल्याला घरच्या घरी देऊन टाकतात, पाचशे-सातशे कमी घेऊन. तोच कापूस महिन्यानं केंद्रावर हमीभावात. थांबायला पैसा लागतो, आणि तो माझ्या गळ्यातून निघतो.

पऱ्हाटी

ताई, केंद्रावर तरी सुख हाय काय? आधी ॲपवर नोंदणी करा, सात-बारा टाका, फोटू टाका. मंग गाडी भाड्यानं करून न्या. तिथं बाबू मशीन खुपसते अन् म्हन्ते वलावा बारा टक्क्याच्या वर, माल वापस. मले एक सांगा, त्या पंधरा बँकवाल्याइच्या सोन्याचा वलावा कोनी मोजला होता काय?

खामगावकर

ओलावा नाही, पण कस मोजतात हो. लंडनच्या बाजारात ९९५ च्या (हजार भागांत ९९५ भाग सोनं) खालची वीट घेतच नाहीत. अमेरिकेच्या तिजोरीतल्या बऱ्याच विटा १९३३-३४ ला लोकांकडून जमा केलेली नाणी वितळवून केलेल्या, नऊशेच्या कसाच्या. त्या तशाच लंडनला नेल्या तर आधी गाळून आणा म्हणतील.

पऱ्हाटी

म्हंजे त्याइचाबी माल वापस!